आधी रस्सा, मग नूडल्स

वसईहून जपानला जाणारी वाट जुनी आहे. १५३४ ते १७३९ वसई पोर्तुगीजांकडे होती आणि १५७१ पासून त्यांची गलबतं नागासाकीच्या बंदरात लागत होती. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जेझुइटांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले, पुढे व्यापारात पडले, मनिलात फ्रान्सिस्कन झाले आणि १५९३ मध्ये दुभाषे म्हणून पुन्हा जपानात पोचले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर देहदंड झाला. १८६२ मध्ये रोमने त्यांना संत म्हणून जाहीर केलं. वसईतलं महाविद्यालय त्यांच्याच नावाने चालतं.

त्यामुळे जपानी नूडल्सच्या रश्श्यावर मराठीत पुस्तक निघतंय आणि तेही वसईत, यात मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुस्तकाच्या सुरुवातीचं. आजकाल ‘जपानी नूडल्स’ म्हटलं की डोळ्यांपुढे रामेनचा वाडगा येतो: अर्धं कापलेलं अंडं, मांसाचे काप, वर तेलाचे थेंब. गोन्सालोंच्या काळात जपानात हा पदार्थच नव्हता. जाड गव्हाचे उदोन होते, बारीक सोमेन होते, आणि कुट्टूच्या पिठाच्या कापलेल्या सोबाचा लेखी उल्लेख सापडतो तो १५७४ चा. या सगळ्यांच्या तळाशी एक पाणी होतं, दाशी नावाचं. लेखिका तिथून सुरुवात करते. पहिली कितीतरी पानं उलटली तरी पीठ भिजत नाही. वाचकाला हे खटकेल. माझ्या मते पुस्तकाचं खरं मोल तिथेच आहे.

कारण हा पदार्थ नूडल्सचा नाहीच, रश्श्याचा आहे. आपल्याकडे शेवया असतात, शिरवाळे असतात, कुरडया असतात. पिठाचे दोरे काढणं मराठी घराला नवीन नाही. नवीन आहे ते इतकंच, की ज्या पाण्यात ते दोरे पडणार त्या पाण्याला स्वतःची चव हवी, आणि ती चव फोडणीने, वाटणाने किंवा मसाल्याने आणायची नाही. आपण चव वरून घालतो. जपानी स्वयंपाकी ती आधी पाण्यात उतरवतो आणि मग त्या पाण्याला हात लावत नाही. कोल्हापूरकडे मटणाचं अळणी असतं, पुरणाच्या दिवशी डाळीचा कट असतो. म्हणजे ही जाण आपल्यात अगदीच नाही असं नाही. पण कटाची आमटी होताना त्यात गोडा मसाला पडतोच, आणि अळण्याच्या पुढे तांबडा-पांढरा रस्सा वाट बघत उभा असतो. तिथेच थांबायची आपल्याला सवय नाही.

दाशीचे मुख्य घटक चारच: कोंबू नावाचं समुद्री शेवाळ, कात्सुओबुशी म्हणजे उकडून, धुरावर धरून, बुरशी चढवून पुन्हा पुन्हा वाळवलेला कुपा जातीचा मासा, निबोशी म्हणजे मिठाच्या पाण्यात उकडून वाळवलेले छोटे मासे, आणि वाळकी शिताके अळंबी. यातले एक किंवा दोन घेतले की काम होतं. एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम कोंबू आणि वीस-तीस ग्रॅम किसलेला कात्सुओबुशी हे साधारण माप. कोंबू गार पाण्यात अर्धा तास तरी भिजतो. काळपट कडक पट्टी हळूहळू हिरवट होते, पसरते, पातेल्याच्या कडेला टेकते. मग मंद आंच. तळाशी बारीक बुडबुडे धरले की पट्टी बाहेर. पाणी उसळू दिलं की त्याला बुळबुळीतपणा येतो आणि वासही उग्र होतो. नंतर पाण्याला एक उकळी आणायची, आंच बंद करायची, माशाचा कीस टाकायचा आणि मिनिट-दोन मिनिटांत मलमलच्या फडक्यातून गाळायचं. फडकं पिळायचं नाही. सगळा खेळ पाऊण तासाचा, त्यातही बहुतेक वेळ पाणी आपलं आपण काम करत असतं.

एवढ्याने चव का येते याचा शोध लागला तो विसाव्या शतकात. टोकियोच्या विद्यापीठात किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पलीकडची ही पाचवी चव आहे असं मांडलं; तिला नाव दिलं उमामी. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना कात्सुओबुशीत इनोसिनेट सापडलं. १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांनी शिताकेतलं ग्वानिलेट दाखवलं आणि मोठी गोष्ट सांगितली: ग्लुटामेटबरोबर या दोघांपैकी एक आलं की चव बेरजेने वाढत नाही, कैक पटींनी वाढते. शेवाळ आणि मासा एकाच पातेल्यात का जातात, याचं उत्तर स्वयंपाक्यांना हाताने माहीत होतं, प्रयोगशाळेला ते पन्नास वर्षांनी मिळालं.

इकेदांच्या शोधातून १९०९ मध्ये बाजारात आलेली पूड म्हणजे अजिनोमोटो. स्टेशनबाहेरच्या चायनीजच्या गाडीवर आपण ‘भाऊ, अजिनोमोटो टाकू नका’ म्हणतो तेव्हा आपण कोंबूच्याच एका कणाला नाही म्हणत असतो. १९६८ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रापासून ही भीती जगभर पसरली आणि अजून उतरलेली नाही. पूड घालावी असं हे पुस्तक सांगत नाही, पण तिला विषही म्हणत नाही. हा समतोल मला आवडला.

आता वसईकडे येऊ. कोंबू थंड पाण्यातलं शेवाळ, त्याचं माहेर होक्काइदो. आपल्या किनाऱ्यावर ते उगवायचं नाही. ते विकतच घ्यावं लागतं, आणि एक पुडकं बरेच महिने पुरतं. वाळलेल्या माशासाठी मात्र जपानकडे बघायची गरज काय? पाचूबंदरला, अर्नाळ्याला वलांड्यांवर बोंबील लटकतात, जमिनीवर जवळा पसरलेला असतो, मांदेली, करंदी, सोडे असतात. जून-जुलैत होड्या बंद असतात, म्हणून आगोटीच्या आधी सुक्या मासळीची बेगमी करायची ही इथली रीत. निबोशीचं तत्त्व नेमकं हेच: छोटा मासा, वाऱ्या-उन्हात वाळलेला, वर्षभर टिकणारा. फरक इतकाच, की जपानात तो वाळवण्याआधी उकडतात, आपल्याकडे बहुधा कच्चाच वाळतो; त्यामुळे इथल्या मासळीचा वास अधिक ठळक उतरतो.

पुस्तकातला सगळ्यात कामाचा भाग मला हाच वाटला. कुठली सुकी मासळी रश्श्याला चालते आणि कुठली नाही, हे लेखिकेने करून पाहून लिहिलंय. बाजारात बसलेली कोळीण विचारते, ‘कालवणाला का सुकं करायला, ताई?’ रश्श्याला म्हटलं तर ती जवळा पुढे करते, आणि इथे तिचं ऐकायचं नाही. जवळ्याने पाणी गढूळ होतं. बोंबलाचा वास सगळ्यांवर स्वार होतो. चालतात ती मांदेली आणि सोडे.  मांदेली घेताना तिची चरबी खवट झालेली नाही ना बघायचं. वानगीदाखल एक मोडून पाहायची: कटकन तुटली पाहिजे, वाकता कामा नये. घरी आल्यावर डोकं नखाने खुडायचं आणि पोट फाडून आतला काळा धागा काढून टाकायचा. तो राहिला तर रस्सा कडू होतो, मग कितीही साखर घाला. लिटरभर पाण्याला वीस-पंचवीस ग्रॅम साफ केलेली मांदेली रात्रभर भिजवायची, सकाळी मंद आंचेवर पाच-सात मिनिटं, वर आलेला फेस काढायचा, गाळायचं. कोंबूची छोटी पट्टी बरोबर असेल तर उत्तम.

जपानातही ही फुटकळ पद्धत नाही. शिकोकू बेटावरच्या कागावामधल्या सानुकी उदोनचा रस्सा वाळवलेल्या छोट्या माशांचाच. नागासाकी प्रांतातल्या गोतो बेटांवरचा उदोन उडणाऱ्या माशाच्या दाशीत मिळतो. गोन्सालोंबरोबर मेलेल्यांत एक तरुण याच बेटांवरचा होता. आणि कात्सुओबुशीचा सख्खा भाऊ हवा असेल तर तो आपल्याच देशात आहे: लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर कुपा उकडून, धुरावर धरून, वाळवून मासमीन करतात. बुरशी चढवत नाहीत, पण लाकडासारखा कडक तुकडा किसला की पाण्यात तोच धुरकट गोडवा उतरतो.

जपानात या सगळ्याचे पंथ आहेत, आणि त्यांच्यात भांडणंही आहेत. ढोबळ सीमा पूर्व आणि पश्चिम अशी. टोकियोकडचा रस्सा गडद, कात्सुओबुशीचा, सोयासॉसचा जोर असलेला. ओसाका-क्योतोकडचा फिका, कोंबूचा, हलक्या रंगाच्या सोयाचा. होक्काइदोचं कोंबू जहाजांनी ओसाकाला उतरायचं हे एक कारण. पश्चिमेचं पाणी जास्त मऊ आणि कोंबू मऊ पाण्यातच नीट उतरतं, हे दुसरं. १९७६ पासून विकला जाणारा एक तयार उदोनचा कप आजही पूर्वेला एका चवीचा आणि पश्चिमेला दुसऱ्या चवीचा निघतो. आपण वसईकरांनी यातला पाण्याचा मुद्दा मनावर घ्यावा. विहिरीचं, बोअरचं किंवा टँकरचं पाणी इथे बहुतेक ठिकाणी जड, काही ठिकाणी खारट. त्यात कोंबू कितीही भिजवा, चव अर्धीच उतरते. आरओ फिल्टरचं पाणी वापरा, एवढी एक ओळ पाळली तरी निम्मी लढाई जिंकली.

रामेनचा पंथ निराळा आणि वयाने लहान. चिनी नूडल्स योकोहामासारख्या बंदरांतून आल्या. १९१० मध्ये टोकियोच्या असाकुसात रायरायकेन नावाचं दुकान निघालं आणि सोयाच्या रश्श्यातला हा पदार्थ शहरात रुजला. दुसऱ्या महायुद्धानंतर भात कमी आणि अमेरिकेचा गहू जास्त, तेव्हा तो देशभर झाला. प्रत्येक गावाने आपापला रस्सा धरला: सप्पोरोने मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा, क्यूशू बेटावरच्या कुरुमेने युद्धाआधीच, १९३७ मध्ये, डुकराच्या हाडांचा. त्याच्याही बरंच आधी, १८९९ मध्ये नागासाकीत उघडलेल्या एका चिनी खाणावळीने चांपोन दिला, ज्यात नूडल्स वेगळ्या न उकडता मासे-भाज्यांच्या रश्श्यातच शिजतात. घाईत असलेल्या माणसाने सुरुवात इथून करावी. एकच पातेलं धुवावं लागतं.

डुकराच्या हाडांच्या रश्श्याचा प्रश्न वसईत कठीण नाही. सणासुदीला डुकराच्या मांसाचं इंदयाल करणाऱ्या घरांना हाडं कुठे मिळतात हे सांगावं लागत नाही. प्रश्न गॅसचा आहे. तो रस्सा पारंपरिक पद्धतीने दिवसभर उकळतो. लेखिकेने प्रेशर कुकर वापरलाय आणि त्यावर नाक मुरडणाऱ्यांना उत्तर दिलेलं नाही. तेच बरं.

रामेनच्या वाडग्याची रचना समजली की बाकी सगळं सोपं होतं. तळाशी तारे, म्हणजे खारट, दाट असं दोन मोठे चमचे मिश्रण, त्यावर सुमारे तीनशे मिलिलिटर अळणी रस्सा, मग नूडल्स, मग वरचं. रश्श्यात मीठ घालतच नाहीत, मीठ ताऱ्यात. या एका युक्तीमुळे एकाच पातेल्यातून घरातल्या चौघांना चार चवी देता येतात. सोयासॉसबद्दल मात्र हात आखडू नये. आपल्या वाण्याकडे मिळणारा काळा सोया बहुधा रंगाचा आणि आंबटपणाचा असतो. आंबवून केलेला, लेबलवर सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी एवढंच लिहिलेला सोया शोधावा. मांसाच्या, माशाच्या खर्चात कपात करा, इथे नको.

पिठाच्या बाबतीत आपण परदेशावर अवलंबून नाही. रामेनच्या नूडल्स पिवळसर आणि रबरासारख्या ताणल्या जातात त्या पाण्यातल्या क्षारांमुळे; जपानात त्यांना कान्सुइ म्हणतात आणि ते मुख्यतः सोडियम-पोटॅशियमचे कार्बोनेट असतात. पापड लाटणाऱ्या घरात पापडखार असतोच, आणि तो याच कुळातला. तोही नसेल तर खायचा सोडा पातळ पसरून ओव्हनमध्ये तासभर तापवावा; त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उडून तो हवा तसा होतो. शंभर ग्रॅम मैद्याला एक ग्रॅम पुरे. जास्त झाला तर साबणाची चव.

उदोनला तर मैदा, पाणी आणि मीठ एवढंच. सानुकीच्या जुन्या कारागिरांचं एक माप आहे: कडक उन्हाळ्यात एक वाटी मिठाला तीन वाट्या पाणी, हिवाळ्यात सहा, एरवी पाच. उकाड्यात कणीक ढिली पडते, मीठ तिला आवळून धरतं. बहुतेक मीठ उकडताना पाण्यात उतरून जातं, म्हणून नूडल्स उकडल्यावर गार पाण्यात खळखळून धुवायच्या. मे महिन्यातल्या वसईत तीनाचं माप धरावं. गोळा पिशवीत घालून पायाने तुडवायचा. मुलांना कामाला लावायला याहून बरी जागा नाही. सोबा मात्र नवशिक्याने सोडून द्यावा. कुट्टूचं पीठ नवरात्रात उपवासाच्या कप्प्यात मिळतं, पण त्यात धरून ठेवणारं काही नाही; आठ भाग कुट्टू आणि दोन भाग मैदा घेतला तरी हात बसेपर्यंत तुकडेच पडतात.

शाकाहारी घरांचा विचार शेवटी ‘पर्याय’ म्हणून टाकलेला नाही, हे वसई-विरारसाठी महत्त्वाचं. जपानी बौद्ध मठांचा स्वयंपाक मासा वापरतच नाही. कोंबू आणि शिताके यांचं पाणी तिथे शतकानुशतकं चालत आलंय. अळंबी न खाणारं घर असेल तर कोंबूबरोबर टोमॅटो. त्यात ग्लुटामेट भरपूर.

हे पुस्तक आत्ताच का? एक कारण पाकिटं. ओसाकाजवळच्या इकेदा गावात मोमोफुकु आंदो यांनी १९५८ मध्ये तळून वाळवलेल्या नूडल्स बाजारात आणल्या. भारतात १९८३ मध्ये मॅगी आली आणि आपल्या दोन पिढ्यांना नूडल्स म्हणजे मसाल्याची पुडी असं वाटू लागलं. २०१५ मध्ये काही महिने ती दुकानांतून गेली तेव्हा घराघरांत चुळबूळ झाली. आता विरारच्या छोट्या दुकानांतही कोरियन पाकिटांची लाल रांग लागलेली असते. मुलं हे खाणारच आहेत. पुडीच्या जागी काय येऊ शकतं, एवढं तरी घरात माहीत असावं.

दुसरं कारण सुक्या मासळीचं. नव्या सोसायट्यांत बोंबील भाजले की खालच्या मजल्यावरून फोन येतो. परिणामी बेगमी कमी झाली. ज्या घरात मडकी आणि डबे भरलेले असायचे तिथे आता एखादी पिशवी फ्रीजरमध्ये लपलेली असते. दाशीत मासळी भाजत नाहीत, तळत नाहीत, भिजवतात. वास पातेल्याच्या बाहेर फारसा जात नाही. फ्लॅटमधल्या माणसाला सुकी मासळी परत आणायची ही एक वाट आहे, आणि मला ती पुस्तकातल्या जपानी भागाइतकीच मोलाची वाटते.

तिसरं कारण हसण्यावारी न्यावं की नाही कळत नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या आराखड्यात विरारला स्थानक आहे. तंत्र जपानचं, आणि पालघर जिल्ह्यात जमिनीवरून झालेला विरोध सर्वांना माहीत आहे. गाडी येईल तेव्हा येईल. जपानी स्थानकांवर उभ्याने खायच्या सोबा-उदोनच्या टपऱ्या असतात. हिमेजीच्या स्थानकावर १९४९ पासून चिनी नूडल्स जपानी दाशीत मिळतात. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात गरम वाडगा संपवून माणूस चढतो. विरार लोकलची सवय असलेल्या माणसाला ही निकड समजावून सांगावी लागणार नाही.

लेखिकेने काय केलेलं नाही हेही सांगायला हवं. हे जपानी जेवणाचं पुस्तक नाही. सुशी, तेंपुरा यात नाही. खास भांडी लागत नाहीत. एक खोल पातेलं, गाळणी, फडकं, आणि ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा. काटा मात्र घ्याच, अंदाजपंचे इथे चालत नाही. कोंबू, सोया आणि हवी तर शिताके एवढंच बाहेरचं. बाकी वसईच्या बाजारातून.

एका गोष्टीवर तिचं आणि माझं जमलेलं नाही. शेवटच्या भागात तिने गरम तेलात बाटली मसाला फुलवून ते रामेनवर थेंबभर सोडलंय. मी म्हटलं, एवढी पानं पाण्याला हात लावू नका म्हणून सांगितलं आणि शेवटी मसालाच! तिचं उत्तर असं, की जपानीही वाडग्यावर सात जिनसांची तिखट पूड भुरभुरतात, मिरचीचं तेल सोडतात. मसाला रश्श्यात नाही, रश्श्यावर आहे, आणि ज्याला नको त्याने चमचाभर बाजूला सारावा. मुद्दा खोडता येत नाही. तरी मी माझ्या वाडग्यात कांद्याची पात घालतो.